चेंडू वर आसा

आधी तो बोट चाटायचा. उजव्या हाताची तर्जनी चांगली दुसऱ्या पेरापर्यंत तोंडात घालायचा, बाहेर काढायचा आणि समईच्या वातीसारखी सरळ वर धरायचा. मग डोळे किलकिले करून म्हणायचा, "वायच रव. वारो बघूं दे." जरा थांब, वारा कुठचा आहे ते बघू दे.

किनाऱ्यावरचा माणूस वारा बघणारच, त्यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. आमच्या मालवणात जन्मलेलं मूल आधी वारा बघतं आणि मग रडतं. पण हा माणूस वारा बघायचा तो खिडक्या बंद केलेल्या खोलीत, स्टुलावर बसून, टीव्हीसमोर. आणि बघायचा तो टीव्हीच्या आतला वारा.

त्याचं नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्याला पात्रांव म्हणायचो. गोव्याकडे मालकाला असं म्हणतात, आणि आमच्याकडे ज्याच्या मालकीचं काहीच नाही त्याला मान म्हणून म्हणतात. तो जहाजावर स्वयंपाकघरात होता. एके वर्षी कराराची मुदत संपायच्या आतच तो एक ट्रंक घेऊन परत आला आणि बापजाद्यांच्या कौलारू घरात एकटाच राहू लागला. घर अगदी पुळणीवर. आल्याबरोबर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे समुद्राकडच्या सगळ्या खिडक्या खिळे मारून बंद करून टाकल्या.

पाण्याला इतका भिणारा माणूस मी पाहिला नाही, तुम्हीही पाहिला नसेल. खाडीपलीकडे जायचं तर होडीत विडी संपायच्या आत माणूस पोचतो. हा एसटी धरून कट्टा गावावरून वळसा घालून जायचा आणि तिथलं काम आटोपेपर्यंत परतीची गाडी गेलेली असायची. आंघोळीला बसला की बादलीकडे पाठ करून बसायचा. आमटी पातळ झाली तर ताटात भाताचा बांध घालायचा. हे शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकीचं ज्यांनी पाहिलं त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

माझं मासळी बाजाराच्या वाटेवर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान. रंगीत टीव्ही आमच्याकडे नुकते पोचले होते आणि मी त्यातला सर्वज्ञ समजला जात होतो, कारण दुसरा कोणी नव्हता. एक दिवस पात्रांव टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. तान्हं पोर ठेवावं तसं त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "ह्यां टीव्हीक लावन दी."

काळी, चपटी पेटी. वर रबराची बटणं, खोडरबरासारखी मऊ. घरगुती कॉम्प्युटर, जहाजावरच्या कुणा इंजिनियरसाहेबाने उतरताना दिलेला. सोबत एक कॅसेट. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, टेपरेकॉर्डरची वायर पेटीला, पेटीची वायर टीव्हीच्या ॲन्टेनाच्या भोकात. मी त्याच्या घरी जाऊन हे सगळं जोडलं आणि कॅसेट सुरू केली. तो आवाज! शंभर मांजरांच्या शेपट्या एकाच दारात चेंगरल्यासारखा. शेजारच्या कोंबड्या आठवडाभर अंडी द्यायच्या बंद झाल्या. पलीकडची काशी, बाजारात मासे विकणारी, सुरी घेऊन धावत आली. पात्रांवला कोणीतरी कापतंय अशी तिची समजूत झाली होती. जिवंत आहे हे बघून ती जरा हिरमुसलीच.

आणि मग आवाज थांबला आणि टीव्हीवर हिरवंगार शेत उमटलं. वरून, घारीला दिसावं तसं. मध्ये निळं तळं, पिवळी वाळू, दूर एक झेंडा, आणि अलीकडे एक पांढरा ठिपका. कोपऱ्यात एक बारीक बाण, तो वारा. काठी निवडायची, दिशा ठरवायची, जोर ठरवायचा आणि बटण दाबायचं. टुक् वाजायचं. ठिपका उडायचा, वर जाताना मोठा व्हायचा, खाली येताना लहान.

गोल्फ. मालवणच्या पुळणीवर गोल्फ आला तो असा.

आठवड्याभरात अर्धा वाडा, म्हणजे आमची अर्धी वस्ती, त्या खोलीत. खेळ कुणाला कळला म्हणाल तर कुणालाच नाही. चेंडू भोकात घालायचा एवढंच असेल तर हाताने नेऊन का घालत नाहीत, हा काशीचा पहिला प्रश्न, आणि त्याला आजतागायत कुणी उत्तर दिलेलं नाही. माझे सासरे कट्ट्याचे, भातशेतीवाले. ते बाजाराला आले तेव्हा त्यांनाही मी दाखवायला नेलं. ते पडद्याकडे बघत हळूच मला विचारू लागले, "एवढी थोरली जमीन, मदी तळी, आणि भात लावक नाय? कोणाची रे ही?"

"सायबाची," मी म्हटलं.

"मगे बरोबर," ते म्हणाले आणि चहा मागितला.

पात्रांव मात्र हसायचा नाही. तो जीव मुठीत धरून खेळायचा. चेंडू वाळूत गेला, झाडीत गेला, त्याचं काही नाही. पण निळ्यात पडला की त्याचा चेहरा गोवरीच्या राखेसारखा व्हायचा. उठायचा, मागच्या पडवीत जाऊन उभा राहायचा, परत येऊन बसायचा. मी म्हणायचो, अहो, खेळ आहे. तो म्हणायचा, "तुका काय कळता?"

कौलाची भानगड काशीने सुरू केली. आमच्या देवळांत कौल लावतात तो तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगतो. देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पाकळी पडली की होय, डावीकडची पडली की नाही. लग्न असो, जमीन असो, होडी असो, कौलाशिवाय पान हलत नाही. तर एक दिवस पात्रांव बोट वर धरून बसला असताना काशी मागून सहज म्हणाली, "या वरसा माझ्या झिलाचां लगीन जमतला काय, बघया." मुलाचं लग्न. चेंडू उडाला, झेंड्याच्या उजवीकडे जाऊन पडला. त्याच महिन्यात तिच्या मुलाचं, बाबलचं, लग्न ठरलं. शेवंती सून म्हणून आली.

झालं. देवळात नंबर लावावा लागतो, गुरवाचा मूड सांभाळावा लागतो. इथे टुक्, आणि उत्तर हजर. बायका यायच्या, पुरुष यायचे, देवगडकडून पाहुणे यायचे. पात्रांव ख्रिस्ती, मशीन विलायतेचं, प्रश्न आमचे, पण कुणाला त्यात विसंगत काही वाटलं नाही. देवळातला गुरव भांडायला म्हणून आला. दारातच थांबला. दोन प्रश्न बघितले. मग आत येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "उजवी दिली हा. साफ उजवी." आणि जाताना म्हशीबद्दल स्वतःचं एक विचारून गेला.

सुरुवातीला पात्रांवला गंमत वाटली असावी. पण डावे कौल खरे व्हायला लागले. डावा कौल मिळालेल्या माणसाची विहीर ढासळली. दुसऱ्याची होडी किनाऱ्यावर उभ्या उभ्या फुटली. मी म्हणत होतो की विहीर माझ्या आजोबांच्या काळापासून ढासळत होती आणि होडीचं लाकूड भुशासारखं झालं होतं. पण लोक आता त्याच्याकडे बघताना आवाज उतरवायचे. आणि लोकांनी आवाज उतरवला की माणसाला स्वतःचीच भीती वाटायला लागते.

तो एकदा दुकानात आला. दुसरं कोणी नव्हतं. त्याने विचारलं, चेंडू कुठे जाणार ते कोण ठरवतं? मी माझ्या सर्वज्ञपणाने समजावलं की दिशा तू ठरवतोस, जोर तू ठरवतोस, फक्त वारा मशीन ठरवतं.

"आणि मशीनीक कोण सांगता?"

मी पेचकस शोधायला लागलो.

तेव्हा त्याने जहाजावरचं सांगितलं. एकदाच सांगितलं. त्याच्याबरोबर स्वयंपाकघरात एक जण होता, भांडी विसळायला डेकवर गेला आणि लाटेने नेला. कठड्याला धरून हा बघत होता. जहाज एवढं मोठं, वळायला वेळ लागतो. "डोक्यार पांढरी टोपी होती तेच्या," तो म्हणाला. "ती दिसत रवली. बारीक होत गेली. मगे निळांच रवलां." एवढं बोलून त्याने माझ्या काउंटरवरचा पाण्याचा पेला उचलून खाली जमिनीवर ठेवला आणि गेला.

त्या दिवसापासून मी तो पांढरा ठिपका नीट बघू शकलो नाही.

आणि त्याच दिवसापासून पात्रांव लबाडी करायला लागला. मी कारागीर माणूस, माझ्या लक्षात आलं. प्रश्न कुणाचाही असो, तो झेंड्याच्या उजवीकडेच नेम धरायचा. बोट चाटून वर धरणं हे नाटक. तेवढ्या वेळात तो कोपऱ्यातला बाण बघून घ्यायचा. बाण फार डावीकडचा असला तर म्हणायचा, आज वारो बरो नाय, उद्या या. असं करत त्याने सगळ्या वाड्याला उजवीकडे वळवलं. वर्षभरात आमच्याकडे इतकी सुबत्ता आली की विचारू नका. निदान लोकांच्या तोंडावर तरी आली.

मग नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या. बाबलही गेला. आणि दुपार व्हायच्या आत वारा फिरला.

खरा वारा, टीव्हीतला नव्हे. माडांची झापं एका बाजूला उलटी पडली, समुद्राचा रंग शिशासारखा झाला. एकेक होडी परत आली. माणसं ओलीचिंब. बाबलची होडी आली नाही. शेवटी आलेल्यांनी सांगितलं की त्यांनी तिला उत्तरेकडे वाहत जाताना पाहिलं होतं, मग पावसाच्या सरीत ती दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशीही आली नाही. वारा तसाच. शोधायला जायला कुणाची होडी पाण्यात घालवत नव्हती.

दुपारी मी पात्रांवच्या घरी होतो, टीव्हीचं चित्र थरथरत होतं म्हणून. दारात शेवंती येऊन उभी राहिली. मागे काशी, आणि काशीच्या मागे सगळा वाडा. कुणी बोलवलं नव्हतं. सगळे आत येऊन खाली बसले. शेवंती उभीच. ओलं लुगडं, हातात बाबलची छत्री, उघडायची विसरलेली.

पात्रांवने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आज वारो बरो नाय गो. उद्या ये."

"उद्या नको," ती म्हणाली. "माका आज व्हया. येतलो काय नाय, तेवढां दाखय. खोटां नको."

तो माझ्याकडे बघायला लागला. तो स्टुलावर बसला. बोट चाटलं. वर धरलं. "वायच रव," तो म्हणाला. पुढचं वाऱ्याचं म्हणालाच नाही. कोपऱ्यातला बाण मी बघितला. तो पूर्ण डावीकडे, आणि एवढा लांब मी कधी पाहिला नव्हता. झेंड्याच्या डावीकडे तळं होतं. निळं.

बंद खिडक्यांवर बाहेरचा वारा थापा मारत होता. तो जमेल तेवढा उजवीकडे नेम धरत गेला, आणखी उजवीकडे, शेताच्या बाहेर जाईल इतका उजवीकडे. आणि बटण दाबलं.

टुक्.

ठिपका उडाला. उजवीकडे गेला, मोठा झाला. मग वाऱ्याने त्याला धरलं. तो वळला. हळूहळू, जसं काही त्याला जायचं नव्हतं, तसा तो डावीकडे यायला लागला. झेंड्यावर आला. झेंड्याच्या पलीकडे गेला. खाली निळं सुरू झालं, आणि ठिपका अजून मोठाच होता, पण आता बारीक होणार हे सगळ्यांना कळलं. कुणीतरी "देवा" म्हणालं.

आणि टीव्ही बंद पडला.

काळा पडदा. मधोमध एक उजेडाचं टिंब, तेही विझलं.

"लायट गेली," पात्रांव म्हणाला.

माझा हात सवयीने प्लगकडे गेला. भिंतीच्या खालच्या बाजूला सॉकेट होतं, स्टुलाजवळ. प्लग बाहेर आलेला होता आणि वायर पात्रांवच्या पायाच्या अंगठ्यात अडकलेली होती. मी वर बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. माणसाच्या चेहऱ्यावर एवढी भीती मावते हे मला त्या दिवशी कळलं. ती भीती समुद्राची नव्हती. मी आता तोंड उघडतो काय, याची होती.

मी उठून उभा राहिलो. वाड्यातला एकमेव जाणकार म्हणून घसा खाकरला आणि जाहीर केलं, "खांबावरनंच गेली हा. येवक वेळ लागतलो."

आणि तेव्हा मला वरचा आवाज ऐकू आला. घर्र घर्र. छताचा पंखा. तो चालूच होता. चांगला पाचावर फिरत होता. त्याच्या वाऱ्याने काशीचा पदर हलत होता, शेवंतीच्या कपाळावरचे केस उडत होते.

मी एकेकाचा चेहरा बघत गेलो. एकानेही मान वर केली नाही. गुरव म्हणाला, "व्हय, खांबावरचीच." कोणीतरी म्हणालं, "वाऱ्यान वायर तुटली असतली." काशीने पदर घट्ट धरून ठेवला, उडू नये म्हणून. सगळा वाडा पंख्याखाली बसून लाइट गेली म्हणत होता.

शेवंतीने केस मागे सारले. "मगे?" तिने विचारलं.

पात्रांवने तोंड पुसलं. "मगे काय? चेंडू वर आसा," तो म्हणाला. "पडूक नाय अजून. तू घराक जा. भात रांध. दोगांचो."

ती गेली. तिने भात रांधला, सकाळ-संध्याकाळ दोघांचा, आणि तिसऱ्या दिवशी मिठबावकडून येणाऱ्या एसटीतून बाबल उतरला. अंगात दुसऱ्या कुणाचा तरी मापात न बसणारा सदरा. होडीचं इंजिन बंद पडलं होतं, वाऱ्याने तिला मिठबावच्या खाडीत नेऊन टाकलं होतं. तारा तुटल्या होत्या, म्हणून निरोप देता आला नव्हता. तो घरी जाऊन एवढा भात जेवला की काशीला शेजारून तांदूळ आणावे लागले.

इथे गोष्ट संपली असती तर मीही खूश झालो असतो. वाडा तर नाचत होता. पात्रांवला खांद्यावर घ्यायला निघाले होते. पण त्याने टीव्हीवर चादर घातली ती घातली. परत कधी प्लग लावला नाही. कुणी आग्रह केला की एकच सांगायचा, "चेंडू वर आसा." लोकांना वाटायचं हा बढाई मारतोय.

मला त्याने दुकानात येऊन खरं सांगितलं. "वर गेलेलो पडतलोच ना रे? मी पडूक दिलंय नाय. आता तो खंय पडतलो, कोणाक ठावक. कोणावर तरी पडतलोच."

त्यानंतर तो वर बघत चालायला लागला. माडांखालून जाताना आम्हीही वर बघतो, नारळाच्या भीतीने, म्हणून सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्याने छत्री घेतली. पावसात घेतली, थंडीत घेतली, भर वैशाखात मोकळ्या पुळणीवर घेतली. वाऱ्याने छत्री उलटी झाली की जागच्या जागी खाली बसायचा. नवीन आलेले पर्यटक फोटो काढायचे. आणि बाबलची होडी पाण्यात गेली की हा समुद्राकडे पाठ करून पायरीवर बसायचा, ओलं बोट वर धरून. होडी परत येईपर्यंत. हात भरून आला की दुसरा हात. शेवंती चहा आणून ठेवायची.

असं किती वर्षं चाललं ते मोजू नका. बाबलचे केस पांढरे झाले तरी चाललं होतं. माझ्या दुकानात टीव्ही यायचे बंद झाले, मी मोबाइलची कव्हरं विकायला लागलो. मोबाइलात आता त्या शेताहून हजारपट देखणी शेतं दिसतात, गवताचं पातं न् पातं. मला त्यांची भीती वाटत नाही.

गेल्या थंडीत पात्रांव झोपेतच गेला. आदल्या आठवड्यात त्याने ती पेटी मला आणून दिली होती, त्याच टॉवेलात गुंडाळून. "ठेव," म्हणाला, "पण लावू नको." ती माझ्या दुकानात वरच्या फळीवर आहे. चालत असावी. मी बघितलेलं नाही.

चर्चपासून सिमिट्रीपर्यंत, दफनभूमीपर्यंत, वाट पुळणीकडून जाते. आकाश धुऊन काढल्यासारखं, ढगाचा पुंजका नाही, ऊनही कोवळं. खांदेकरी निघाले तेव्हा शेवंतीने बाबलच्या हातात काहीतरी दिलं. ती पात्रांवची छत्री होती. त्याने ती उघडली आणि शवपेटीवर धरली. पेटीबरोबर चालत राहिला, हात लांब करून, वारा सांभाळत. पाद्रीसाहेबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. आम्ही समोर बघत चालत राहिलो. गुरवाचा मुलगाही आला होता, तोही तसाच.

पेटी खाली सोडली, माती टाकायला सुरुवात झाली. बाबल खड्ड्याच्या काठावर वाकून उभा होता. माती वरपर्यंत येईतो त्याने छत्री मिटली नाही.

मिटली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदम वर बघितलं.